पडद्यावरून पानाकडे : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वाचनक्रमाचा इतिहास

साहित्यकृती आणि तिचे चित्रपटरूप यांच्या परस्परसंबंधाची चर्चा बहुधा एका न उच्चारलेल्या गृहीतकावर उभी असते. साहित्यकृती आधी वाचली जाते आणि चित्रपट नंतर पाहिला जातो, असे ते गृहीतक होय. मूळ संहितेशी चित्रपट कितपत प्रामाणिक राहिला, हा प्रश्न या क्रमातूनच निर्माण होतो. व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२६ मध्ये चित्रपटकलेवर लिहिलेल्या निबंधात ‘अ‍ॅना कॅरेनिना’च्या वाचकाची पडद्यासमोर होणारी निराशा वर्णिली आहे. वाचकाला अ‍ॅना तिच्या मनाच्या आतून परिचित झालेली असते. पडद्यावर तिला बाहेरून ओळखून घ्यावे लागते. वोल्फगांग इझर यांनी १९७० च्या दशकात वाचनप्रक्रियेचे विवेचन करताना फील्डिंगच्या ‘टॉम जोन्स’चे उदाहरण घेतले. कादंबरी वाचताना नायकाची प्रतिमा सतत घडत आणि बदलत राहते, चित्रपटात मात्र ती एकदाच आणि पूर्णपणे दिली जाते. त्यामुळे कादंबरीच्या वाचकाला चित्रपट पाहताना आपल्या कल्पनेचा संकोच झाल्यासारखे वाटते, असा त्यांचा मुद्दा आहे. दोन्ही निरीक्षणे सूक्ष्म आहेत. परंतु दोहोंतही वाचक आधी आहे आणि प्रेक्षक नंतर.

ज्याने चित्रपट आधी पाहिला, त्याच्यावर जीव जडवला आणि त्या ओढीने मग ग्रंथ हाती घेतला, अशा वाचकाचे काय? त्याच्या वाट्याला बहुधा कीवच येते. त्याची कल्पनाशक्ती आधीच दुसऱ्याच्या प्रतिमांनी व्यापली गेली आहे, त्याचे वाचन म्हणजे पाहिलेल्याची उजळणी, असे समजले जाते. लिंडा हचिअन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रूपांतरविषयक सैद्धान्तिक ग्रंथात या वाचकाची दखल घेतली; रूपांतर आधी अनुभवले की ‘मूळ’ आणि ‘दुय्यम’ ही उतरंडच डळमळू लागते, हे त्यांनी दाखवले. मात्र सिद्धान्तापेक्षा एखाद्या ग्रंथाच्या प्रत्यक्ष इतिहासात हा वाचक शोधला, तर अधिक काही हाती लागण्याची शक्यता आहे. जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी त्यासाठी विशेष सोयीची आहे. पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ साली आले आणि त्यानंतर या कादंबरीकडे येणाऱ्या वाचकांच्या एका मोठ्या वर्गाचा क्रम उलटा झाला. तो प्रथमच उलटला, असे मात्र नाही.

या ग्रंथाचा जन्मच एका आधीच्या ग्रंथाच्या वाचकांसाठी झाला. ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक असलेल्या टोल्किन यांचे ‘द हॉबिट’ हे मुलांचे पुस्तक सप्टेंबर १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते खपले, तेव्हा प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी पुढचा भाग मागितला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लेखनाला आरंभ झाला. हस्तलिखित पुरे व्हायला १९४९ उजाडले. कागद आणि छपाईचा खर्च परवडावा म्हणून एका सलग कादंबरीचे तीन खंड करण्यात आले. पहिले दोन १९५४ मध्ये आणि तिसरा १९५५ मध्ये निघाला. आज सर्रास ‘त्रयी’ म्हणून ओळखली जाणारी ही रचना अशी व्यावहारिक गरजेतून आली आहे. लेखकाच्या मनातील विभागणी सहा पर्वांची होती. तीन चित्रपटांनी त्रयीची कल्पना इतकी पक्की केली, की पडद्याकडून येणारा वाचक या सहा पर्वांसमोर प्रथम थोडा गोंधळतो.

दरम्यान एक विलक्षण गोष्ट घडली होती. ‘द हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हा प्राणी कोड्यांच्या खेळात अंगठी स्वखुशीने पणाला लावतो आणि हरल्यावर बिल्बोला गुहेबाहेरचा रस्ताही दाखवतो. पुढे ज्या अंगठीभोवती विश्वाचा विनाश फिरणार होता, तिच्या मालकाला हा सौजन्याचा व्यवहार शोभेना. टोल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले आणि १९४७ मध्ये प्रकाशकाकडे नमुन्यादाखल धाडले. १९५१ च्या आवृत्तीत ते छापले गेले. आधीचा पाठ रद्द झाला म्हणावे, तर तेही नाही. बिल्बोने अंगठीविषयी पूर्वी खोटे सांगितले होते, असा खुलासा नव्या कादंबरीच्या उपोद्घातात करून त्यांनी जुन्या पाठाला कथेतच जागा दिली. म्हणजे १९५१ नंतर ‘द हॉबिट’ आधी वाचणारा वाचक ज्याला ‘आधीचे’ म्हणतो, ते वस्तुतः ‘नंतरच्या’ने घडवलेले असते. पौर्वापर्याची ही गुंतागुंत चित्रपटांनी आणलेली नाही.

चित्रपटाविषयी टोल्किन यांची भूमिका काय होती, हे पाहणे येथे आवश्यक आहे, कारण तिचा आधार पुढे दोन्ही बाजूंनी घेतला गेला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ८ मार्च १९३९ रोजी त्यांनी परीकथेवर व्याख्यान दिले. ते विस्तारित निबंधाच्या रूपाने १९४७ मध्ये छापले गेले. अद्भुत आणि नाट्य यांचे मूळचेच वैर आहे, असे त्यात प्रतिपादन आहे. रंगभूमी स्वतःच एक बनावट जग उभे करते. त्या जगात आणखी एक अद्भुत जग उभे करू गेले, की हास्यास्पद परिणाम होतो. ‘मॅकबेथ’मधील चेटकिणी वाचताना सहन होतात, रंगमंचावर होत नाहीत. त्याच निबंधाच्या एका टिपणीत ते चित्रांविषयीही बोलतात. कथेत कोणी भाकरी खाल्ली असे आले, तर नाट्यनिर्माता किंवा चित्रकार आपल्या आवडीची एकच भाकरी दाखवू शकतो. ऐकणारा मात्र भाकरी या वस्तूचाच विचार करतो आणि तिला आपल्या घरचे रूप देतो. (टोल्किन यांच्या मनात अर्थातच पाव होता; पण येथे भाकरी हा शब्द वापरता येतो, यातच त्यांच्या मुद्द्याची सत्यता आहे.) चित्रपट आधी पाहिलेल्या वाचकाविरुद्ध यापेक्षा बळकट युक्तिवाद सापडणे कठीण.

परंतु याच टोल्किन यांनी १९५८ मध्ये मॉर्टन झिमरमन यांच्या नियोजित चित्रपटाची रूपरेषा वाचून जे दीर्घ टिपण लिहिले, त्यातला सूर निराळा आहे. चित्रपट होऊच नये, असे ते तेथे म्हणत नाहीत. कथनकलेची तत्त्वे माध्यमागणिक सर्वस्वी वेगळी असू शकत नाहीत, हा त्यांचा आग्रह आहे. कथेचा गाभा कोठे आहे हे न समजल्याने वाईट चित्रपटांत अतिशयोक्ती आणि अनावश्यक भर येते, असे निदान ते करतात. काळाचा संकोच, ऋतूंची सरमिसळ आणि गरुडांचा सढळ वापर यांवर ते चिडलेले आहेत. तरीही सारे थोडे थोडे दाबून बसवण्यापेक्षा एखादा भाग पुरता गाळावा, असे ते सुचवतात. चालत्या-बोलत्या वृक्षरक्षक एन्टांची कथा आणि हेल्म्स डीपचा गड यांपैकी एकच ठेवायचे असेल, तर गड जाऊ द्यावा, तो मुख्य कथेला आनुषंगिक आहे, असे लेखकाने स्वतः लिहिले आहे. जॅक्सन यांच्या दुसऱ्या चित्रपटाचा परमोत्कर्ष नेमका त्याच गडाच्या लढाईत आहे. आनुषंगिक काय आणि मध्यवर्ती काय, याचा निवाडा माध्यमानुसार कसा पालटतो, हे यातून दिसते. निवाडा कोणाचा बरोबर, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. ती लढाई चित्रपट म्हणून उत्तम आहे, आणि ग्रंथात ती एका प्रकरणात आटोपते.

त्या आधीच, १९५५-५६ मध्ये, बीबीसीने कादंबरीचे नभोनाट्य सादर केले होते. लेखकाला ते रुचले नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत एस बुक्स या प्रकाशनाने लेखकाची परवानगी न घेता स्वस्त आवृत्ती काढली, तिच्या प्रत्युत्तरादाखल बॅलन्टाइनने अधिकृत आवृत्ती काढली, आणि या वादाच्या गाजावाजात ग्रंथ अमेरिकन महाविद्यालयांतील तरुणांच्या हाती पोहोचला. एडमंड विल्सन यांच्यासारख्या समीक्षकाने १९५६ मध्ये त्याची रेवडी उडवली होती. तरुणांना त्याचे सोयरसुतक नव्हते. ग्रंथाकडे येण्याचे दार कोणते, यावर वाचनाचा रंग ठरतो, हे या पिढीच्या बाबतीतही खरे आहे. तिचे दार कागदी बांधणीचे होते, इतकेच.

टोल्किन १९७३ मध्ये निवर्तले. राल्फ बाक्शी यांचा चलच्चित्रपट १९७८ मध्ये आला. जिवंत नटांचे चित्रण करून त्यावर रेखाटन करण्याची पद्धत त्यात वापरली होती. कथा हेल्म्स डीपपाशी थांबली. पुढचा भाग बाक्शी यांना करता आला नाही. हा चित्रपट सदोष आहे, जागोजागी ओबडधोबड आहे. पण न्यूझीलंडमधील एका सतरा वर्षांच्या मुलाने तो पाहिला आणि अर्धवट राहिलेल्या कथेचे पुढे काय झाले, हे कळावे म्हणून कादंबरी विकत घेतली. मुखपृष्ठावर त्याच चित्रपटाचे चित्र असलेली ती प्रत त्याने वेलिंग्टनहून ऑकलंडला जाणाऱ्या आगगाडीत वाचायला घेतली. तो मुलगा म्हणजे पीटर जॅक्सन. पुढे त्यांच्या पहिल्या चित्रपटात बिल्बोच्या वाढदिवसाच्या मेजवानीत एका हॉबिटची पावले पुढे काढलेली जी चौकट आहे, ती बाक्शींची आठवण म्हणून मुद्दाम घेतल्याचे त्यांनी सांगितले आहे.

ज्या चित्रपटांनी एका पिढीचा वाचनक्रम उलटवला असे म्हटले जाते, त्यांचा कर्ताच चित्रपटाकडून ग्रंथाकडे आलेला वाचक होता. त्याच्या कल्पनेचा संकोच झाला, असे म्हणावे लागेल काय? बाक्शींच्या प्रतिमा त्याच्या मनात होत्या, हे उघड आहे. त्यांच्यासह त्याने वाचले, आणि त्यांना पुरे न पडलेले पुष्कळ काही त्याला पानांत सापडले. शिवाय त्याच्या चित्रपटांची दृश्यकल्पना ज्या दोन चित्रकारांवर सोपवली गेली, त्यांपैकी अ‍ॅलन ली यांनी १९९१ च्या सचित्र आवृत्तीसाठी चित्रे काढली होती. १९८१ च्या बीबीसी नभोनाट्यात फ्रोडोला आवाज देणारे इयन होम हेच चित्रपटात बिल्बो झाले. पुस्तक, आवाज, चित्र आणि पडदा यांच्यातली ही देवघेव एकाच दिशेची नाही.

याचा अर्थ काही गमावले जात नाही, असा नव्हे. लेखकाचे पुत्र ख्रिस्टोफर टोल्किन यांनी २०१२ मध्ये ‘ल मोंद’ या फ्रेंच दैनिकाशी बोलताना या चित्रपटांनी ग्रंथाचे आतडे काढून त्याचा तरुणांसाठी हाणामारीचा पट केला, अशा आशयाची तक्रार केली. ती कडवट आहे, पण निराधार नाही. फ्रोडोचेच पाहावे. ग्रंथात बिल्बोच्या एकशे अकराव्या वाढदिवसानंतर तब्बल सतरा वर्षे लोटतात आणि मग फ्रोडो घर सोडतो, तेव्हा तो पन्नास वर्षांचा असतो. अंगठीच्या प्रभावामुळे तो तरुण दिसतो, हे संहितेतच आहे. पडद्यावरच्या कोवळ्या चेहऱ्याला तेवढा आधार आहे. परंतु चेहरा तरुण असणे आणि माणूस तरुण असणे यांत फरक आहे. सतरा वर्षे त्याच टेकड्यांवरून हिंडलेला, मित्र म्हातारे होताना पाहिलेला मनुष्य घर सोडतो, तेव्हा तो काय सोडतो, हे चित्रपटात उरत नाही. चित्रपट पाहून आलेल्या वाचकाला आरंभीची ही प्रकरणे रेंगाळलेली वाटतात. अनेक जण येथेच पुस्तक खाली ठेवतात. जे पुढे जातात, त्यांना रेंगाळणे हाच या भागाचा विषय असल्याचे हळूहळू कळते.

चित्रपट पाहिलेल्याला ग्रंथाच्या रचनेतली जी गोष्ट सर्वांत अधिक चकित करते, ती न सांगितलेल्याची आहे. बोरोमिरचा मृत्यू हा पहिल्या चित्रपटाचा हृदयद्रावक शेवट. बाणामागून बाण लागत असतानाही तो लढत राहतो, हे दृश्य विसरता येत नाही. ग्रंथात ते दुसऱ्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात येते. किंबहुना येतच नाही. अ‍ॅरागॉर्न शिंगाचा आवाज ऐकून धावतो आणि पोहोचतो, तोवर झाडाला टेकून बसलेला, बाणांनी विंधलेला बोरोमिर शेवटचे काही शब्द बोलण्यापुरता जिवंत असतो. लढाई सांगितलेली नाही. वाचक अ‍ॅरागॉर्नबरोबर उशिरा पोहोचतो. ज्याने ती लढाई पडद्यावर पाहिली आहे, त्याला या गाळलेल्या जागेचा आकार, ग्रंथच आधी वाचणाऱ्यापेक्षा अधिक स्पष्ट जाणवतो, कारण तिच्यात काय होते, हे त्याने पाहिलेले आहे. इझर ज्याला रिकाम्या जागा म्हणतात, त्या भरल्या गेल्या की वाचन मरते, हे विधान येथे पडताळून पाहावे लागते. येथे भरलेली जागा पुन्हा रिकामी केली जाते, आणि त्या रिकामेपणाची किंमत वाचकाला कळते.

असेच तिसऱ्या खंडाचे. चौथ्या पर्वाच्या अखेरीस फ्रोडो जिवंत आहे पण शत्रूच्या हाती सापडला आहे, इतके सांगून निवेदन त्याला सोडते. संपूर्ण पाचवे पर्व, दहा प्रकरणे, ते त्याच्याकडे परतत नाही. मग मॉर्डॉरच्या काळ्या दरवाजासमोर शत्रूचा दूत येतो आणि फ्रोडोचे चिलखत दाखवतो. त्या क्षणी वाचकाला गॅन्डाल्फपेक्षा अधिक काही ठाऊक नसते. चित्रपटाने दोन कथाधागे आलटून पालटून गुंफले. त्यामुळे हे अज्ञान त्याला निर्माणच करता आले नाही. दूताचा प्रसंग चित्रगृहातील आवृत्तीतून वगळला गेला आणि विस्तारित आवृत्तीत आला, तेव्हा फ्रोडो सुटला आहे, हे प्रेक्षकाला माहीत असते. आता चित्रपट पाहून आलेला वाचक हे प्रकरण वाचतो, तेव्हा त्यालाही शेवट माहीत असतो. तरी तो चरकतो. याचे उत्तर कुतूहलात शोधून चालणार नाही. भारतीय नाट्यविचाराने नाटकाला प्रख्यात वस्तू सांगितली, ती कथा आधी माहीत असल्याने रसाला बाध येत नाही या भरवशावर. पात्रांच्या न-जाणण्यात सहभागी होणे आणि आपण स्वतः न-जाणणे या दोन भिन्न अवस्था आहेत, आणि पहिलीसाठी दुसरीची गरज नसते.

ग्रंथाचा सर्वांत अनपेक्षित भाग अर्थातच शायरच्या शुद्धीकरणाचा. चित्रपटातले चार हॉबिट युद्ध संपवून घरी येतात आणि घर जसेच्या तसे असते. गावच्या गुत्त्यात कोणाला त्यांच्या पराक्रमाची वार्ताही नसते. ग्रंथात ते परततात तेव्हा झाडे तोडलेली आहेत, जुनी गिरणी पाडून तेथे घाण ओकणारी नवी उभी केली आहे, फाटकांवर नियमांच्या याद्या लागल्या आहेत, आणि या सगळ्यामागे पदच्युत सारुमान आहे. हॉबिटांना आपल्याच गावात लढावे लागते. बायवॉटरच्या लढाईत १९ हॉबिट मरतात. फ्रोडो तलवार उपसत नाही. शरण आलेल्यांना मारू नये एवढ्यासाठी तो मध्ये उभा राहतो. युद्धोत्तर इंग्लंडचे हे रूपक असल्याचे टोल्किन यांनी नाकारले, पण आपण दहा वर्षांचे होण्याआधीच आपल्या बालपणीचा परिसर उद्ध्वस्त होऊ लागला होता, हे मात्र दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात नमूद केले. सॉमच्या रणभूमीवरून १९१६ मध्ये परतलेल्या मनुष्याने हे लिहिले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘घरी परतणे’ या कल्पनेवरचा त्याचा अविश्वास समजतो. जॅक्सन यांना हा भाग गाळावा लागला, कारण परमोत्कर्षानंतर आणखी एक लढाई चित्रपटाची चौकट पेलू शकत नाही. तसे म्हटले तर कादंबरीची चौकटही ती सहज पेलत नाही. ते प्रकरण जाणूनबुजून बोचरे आहे. ज्याने चित्रपटातील अक्षत शायर मनात जपले, त्याला ती बोच सर्वांत खोल लागते. ग्रंथ आधी वाचणाऱ्याला हे केवळ कथानकातील वळण असते. याला मात्र पाहिलेले, प्रिय झालेले गाव पुन्हा येऊन उद्ध्वस्त झालेले दिसते. म्हणजे त्याची अवस्था त्या चार हॉबिटांच्या अवस्थेशी अधिक जुळते. उलट्या क्रमाने येणाऱ्याच्या पदरात येथे जास्त पडते, हे मान्य करण्यात समीक्षेने संकोच करू नये.

मराठीपुरते बोलायचे, तर येथे हा उलटा क्रम अपवाद नसून जवळजवळ नियम आहे. मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद चित्रपटांनंतर आला. इंग्रजीतून वाचणारे मोजके सोडले, तर मराठी वाचकाने हे जग आधी पाहिले आणि मग वाचले. अनुवादाच्या रूपाने ते वाचले म्हणून ते मूळापासून आणखी एक पायरी दूर गेले, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर टोल्किन यांच्याच परिशिष्टांत आहे. भाषाशास्त्रज्ञ असलेल्या या लेखकाने आपली कादंबरी ‘वेस्टमार्चचे लाल पुस्तक’ नामक प्राचीन हस्तलिखिताचा इंग्रजी अनुवाद आहे, अशी बतावणी शेवटपर्यंत चालवली. नावेही भाषांतरित आहेत. सॅमचे खरे नाव बनाझीर होते, शायरला तेथील लोक सूझा म्हणत. इंग्रजी वाचकाच्या हाती जे येते, तेच मुळी दुसऱ्या हातचे आहे, असे खुद्द संहिताच सांगते.

ते लाल पुस्तक कथेतही आहे. बिल्बोने ते सुरू केले, फ्रोडोने पुढे चालवले. पहिल्या पानावर एकाखाली एक खोडलेली अनेक शीर्षके आहेत. समुद्रापार जाण्यापूर्वी फ्रोडो ते सॅमच्या स्वाधीन करतो, तेव्हा ऐंशीवे प्रकरण अपुरे असते आणि त्यानंतर काही कोरी पाने असतात.